उपासाची कॉफी

माझ्या नातवंडांनो,

तुमचं चौथं खोकं परवा पोचलं. कुरियरवाल्याने ते ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "आज्जी, पुन्हा औषधं का?" मी "हो" म्हटलं. डिकॅफ कॉफी म्हणजे काय हे एकदा समजावून सांगायचा अनुभव मी घेतलेला आहे. त्याचं पुढे काय झालं तेच तुम्हाला लिहायचं आहे.

हे खोकं शेवटचं समजा. मागच्या तिन्हींबद्दल मी "मिळालं, आवडलं" असं कळवलं होतं. त्यातलं "मिळालं" तेवढं खरं. हे आत्ताच सांगण्याचं कारण असं, की तुमचे बाबा मार्गशीर्षात पुन्हा येणार आहेत, येताना राजगडाखालच्या पालीला थांबणार आहेत, आणि तिथे एक पाटी लागली आहे. ती त्यांनी वाचायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं. व्हिडिओ कॉलवर सांगता आलं नसतं. त्या चौकटीत तुमचे बाबा कायम कुठेतरी असतात. भांडी विसळत असले तरी त्यांचा एक कान फोनकडे असतो.

भोरच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत वाचून मोकळे झाला असता. पण या हकिकतीचा सगळा घोटाळा एका इंग्रजी शब्दाच्या मराठी अर्थात आहे, त्यामुळे ती मराठीतच सांगावी लागते. शिवाय तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो. तेवढा वेळ तरी माझ्यापाशी बसाल.

आधी आमच्या घरच्या कॉफीबद्दल. दूध तापत ठेवायचं, साखर आणि चमचाभर कॉफी घालून एक उकळी आणायची आणि वर जायफळ किसायचं. कॉफी झोप उडवते आणि जायफळ झोप आणतं. दोघांचं भांडण कपातल्या कपात मिटतं आणि पिणारा होता तिथेच राहतो. तुमच्या आजोबांनी आणि मी या पेयावर चाळीस वर्षं संसार केला. जायफळ किसणं त्यांच्याकडे होतं. त्यासाठी पितळेची बोटाएवढी किसणी त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला लावून ठेवली होती, आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. सकाळी एक कप, चारला एक. मी कोणतीही गोष्ट वेळेवर करते, ते तुम्हाला माहीत आहे. त्यावरून तुम्ही मला हसता तेही मला माहीत आहे.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी भोरच्या एसटी स्टँडवर माझ्या छातीत धडधडलं आणि घेरी आली. मी बाकावर बसले, पाणी प्याले, बरी झाले. पण स्टँडवर माझे जुने विद्यार्थी भरपूर. त्यांच्यातल्या एकाने तेवढ्यात तुमच्या बाबांना फोन केला. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं काही दिसत नाही म्हणाले, आणि काही महिने कॉफी बंद करा, जेवण वेळेवर घ्या असं सांगितलं. यातलं जेवणाचं वाक्य बाबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. दीडेक महिन्यात ते स्वतः आले, एक भलीमोठी पाठपिशवी आणि एक रंगीत पुस्तिका घेऊन.

पुस्तिका पुण्याजवळच्या वयस्कर लोकांच्या वसाहतीची होती. प्रत्येक पानावर पांढऱ्या केसांची माणसं कशाला तरी हसत होती आणि मागे गणवेशातली एक मुलगी उभी होती. न्हाणीघरात घंटा, पलंगापाशी घंटा, बाकापाशीही घंटा. भोरचं घर बंद करून मी तिथे जावं असं तुमच्या बाबांचं मत होतं. नुसतं मत नव्हे, त्यांनी खोलीसुद्धा पाहून ठेवली होती. दुसऱ्या मजल्यावरची, पूर्वेकडची.

"मी इथे बरी आहे," मी म्हटलं.

"आई, इमोशनल होऊ नकोस. आपण डेटा बघू."

डेटा बघायची त्यांची रीत अशी. आम्ही दोघांनी राजगडाखाली, पालीला, दोन दिवस तंबूत राहायचं. माझ्या मनगटाला त्यांचं घड्याळ. ते नाडी मोजतं आणि ठोके वाढले की लाल होतं. दोन दिवस मी फक्त त्यांनी आणलेली डिकॅफ कॉफी प्यायची. घड्याळ लाल झालं नाही, तर माझी धडधड कॉफीमुळेच होती असं ठरणार आणि मी भोरला राहायला मोकळी. झालं, तर दुसरा मजला, पूर्वेकडची खोली.

"नाडी बघायला तंबू कशाला? आपली गच्ची आहे की," मी म्हटलं.

"गच्चीवर तू कपडे वाळत घालशील. मला तू निवांत हवीस."

एवढे शिकलेले तुमचे बाबा, पण कुठल्या दवाखान्यात अशी तपासणी होते ते त्यांना विचारायची सोय नव्हती. मी होकार दिला, कारण घर माझं होतं आणि ते वाचवायची एवढीच संधी दिसत होती.

आदल्या दिवशी त्यांनी पाठपिशवीतलं सामान जेवणाच्या टेबलावर मांडलं. कॉफीसाठी. फक्त कॉफीसाठी! घडी होणारी रबरी किटली, पिसासारखा हलका कप (त्यात गरम काही ओतलं की हात भाजतो, म्हणून त्याचा वेगळा मोजा), सायकलला हवा भरायच्या पंपासारखं एक यंत्र, तळहातावर मावणारा स्टोव्ह, आणि शांपूच्या असतात तशा पुड्या. काळ्या पुड्या बाबांच्या, कडक. पांढऱ्या माझ्या. सुटसुटीत म्हणून आणलेलं ते सामान परत पिशवीत भरायला त्यांना पाऊण तास लागला. मी माझ्या पर्समध्ये एक जायफळ आणि ती किसणी टाकली. जायफळाबद्दल करारात काही म्हटलेलं नव्हतं.

पहिली अडचण नसरापुरात आली. स्टोव्हचा गॅस विमानात आणता येत नाही, तो इथे घेऊ, असं बाबा म्हणाले होते. हायवेजवळच्या दुकानदाराने तो स्टोव्ह उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"सायेब, ह्यो भातुकलीतला हाय का?"

"नाही हो, खरा आहे. याचं छोटं सिलिंडर मिळेल?"

"छोटं हाय की." त्याने पाच किलोचं सिलिंडर पुढे सरकवलं. त्यावर तो स्टोव्ह ठेवला असता तर टोपीसारखा दिसला असता.

असे आम्ही बिनगॅसचे पालीला पोचलो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण माझी जीभ अजून वेल्हेच म्हणते, तेव्हा तुम्हीही तसंच वाचा. बाबांनी तंबूसाठी फोनवरून ठरवलेलं भाताचं खाचर ज्या घरामागे होतं, त्या घराची मालकीण गडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून घालते. ती पदर खोचत बाहेर आली आणि जागीच थांबली.

"बाई? तुमी?"

आठवीत ती माझ्या वर्गात होती. पाठांतराला चांगली, समजून घ्यायला घाई. पुढे शाळा सोडून लग्न होऊन पालीला आली. चेहरा भरला होता, पण मान तशीच तिरपी करून बोलायची सवय कायम होती.

"तंबूत ऱ्हानार तुमी? आन हे आमचं घर काय मोडून पडलंय?" मग बाबांकडे वळून, "दादा, आईला भुईवर झोपवाया फारिनवरनं आलाव व्हय?"

बाबांनी डेटा, मोकळी हवा वगैरे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझी पिशवी उचलून माजघरात नेली. मी पलंगावर झोपणार हे असं ठरलं. तंबूत बाबांनी एकट्यानेच झोपायचं. दिवसा मी तंबूच्या दाराशी खुर्चीवर बसले तरी चालेल, एवढी सूट विज्ञानाने दिली.

स्टोव्ह पेटणार नव्हता, म्हणून कॉफीचं काम तिच्या चुलीकडे गेलं. बाबांनी पांढऱ्या पुड्या तिच्या हातात दिल्या.

"मावशी, ही आईची कॉफी. डिकॅफ आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे कॉफीच, पण तिच्यातलं कॅफीन काढून टाकलेलं."

"काढून कुठं ठेवत्यात?"

बाबांना हे ठाऊक नव्हतं. "ते कंपनी ठेवते," ते म्हणाले.

"मग ऱ्हातं काय?"

"चव राहते. त्रास राहत नाही. दिवसातून तीनदा द्यायची. ही सोडून दुसरी नाही."

तिने एक पुडी उजेडात धरली आणि वरची इंग्रजी अक्षरं बोट ठेवून एकेक करून लावली. पहिला शब्द लागल्यावर तिचा चेहरा खुलला. "आसं व्हय! आत्ता कळलं. म्या बघते. काळजी करू नका दादा."

"बघ आई, किती पटकन समजलं तिला," बाबा मला म्हणाले. मी तीस वर्षं वर्ग घेतले आहेत. एवढ्या पटकन मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्याला उभं करून पुन्हा विचारायचं असतं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तो मंगळवार होता. चार वाजता पहिला कप आला. दूध घातलेला, दाट, वर फेस. मी जायफळ किसलं आणि घोट घेतला. मुलांनो, कॉफी उत्तम होती. मी मनातल्या मनात तुमच्या बाबांची माफी मागितली. विज्ञान पुढे गेलं आहे आणि मी उगाच नाक मुरडत बसले आहे, असं वाटलं. मोठ्यानेही म्हटलं, "जमलंय रे हे." बाबांचा चेहरा दहावीचा निकाल लागला होता त्या दिवशीसारखा झाला.

बुधवारी ते ती पंपासारखी वस्तू आणि मालकिणीकडून घेतलेला गरम पाण्याचा थर्मास घेऊन पाली दरवाजाने गडावर गेले. वर बसून सूर्योदय पाहत आपली काळी पुडी प्यायची असा बेत होता. पंप जरा जास्त दाबला गेला. कॉफी शर्टावर उडाली आणि ते शेजारच्या ट्रेकरांचा चहा पिऊन उतरले. मी खाली खुर्चीवर बसून तिच्या सासूशी गप्पा मारल्या, तुरीच्या शेंगा सोलल्या आणि तीन कप कॉफी प्याले. घड्याळ दर तासाला हिरवं. संध्याकाळी बाबांनी फोनवर माझ्या हृदयाचा आलेख दाखवला. भाताचं खाचर असतं तसा सपाट.

गुरुवारी सकाळी आम्ही निघणार होतो. बाबा मागे तंबूशी झगडत होते. तंबू ज्या पिशवीतून निघाला तिच्यात परत शिरायला तयार नव्हता. मी माजघरात होते. तिने अंघोळ करून घट मांडला होता. मार्गशीर्षातला गुरुवार, लक्ष्मीची पूजा. ती माझ्यासाठी कप घेऊन आली. कप नेहमीचा, पण आतला रंग फिका. मी घोट घेतला. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव.

"ही कालचीच का गं?" मी विचारलं.

"न्हाई ओ बाई. कालची साधी व्हती, आपली दुकानातली. ट्रेकवाल्या पोरास्नी देते ती. आज गुरुवार न्हाई का? ही तुमची उपासाची."

"उपासाची?"

"हां. पुडीवरच लिवलंय की." तिने एक पांढरी पुडी काढून बोट ठेवलं. तिथे पहिलाच शब्द होता: फास्ट. झटपट या अर्थी. "एक बी पुडी उघडली न्हवती. मंगळवार-बुधवार उपास न्हाई, मग उपासाची वस्तू कशाला वाया घालवायची? आपल्या उपासाच्या डब्यात ठिवली व्हती, वरईसंगं. दुसऱ्या कशाला लावली न्हाई."

"अगं, पण दादा म्हणाले होते ना, हीच द्यायची म्हणून?"

"दादांस्नी काय कळतंय? फारिनला वार तरी कळत्यात का?" मग तिने मान तिरपी केली. "आन बाई, फास म्हंजी उपास, हे तुमीच पन्नास डाव लिवून घेतलं व्हतं माझ्याकडनं. इसरलात व्हय?"

विसरले होते, पण तिने सांगितल्याबरोबर आठवलं. परीक्षेत वाक्य होतं, आई सोमवारी 'फास्ट' ठेवते, या अर्थाचं. तिने मराठीत लिहिलं होतं, 'माझी आई सोमवारी जोरात पळते.' मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि वर शिक्षा दिली: फास्ट म्हणजे उपास, पन्नास वेळा. शाळेत मी जे काही शिकवलं त्यातलं किती कुणाच्या डोक्यात राहिलं असेल, याची मला नेहमी शंका वाटत आली आहे. एवढं एक मात्र राहिलं होतं आणि ते नेमकं माझ्या कपात पडलं होतं.

मी हिशेब केला. मंगळवारी दोन, बुधवारी तीन. पाच कप खरी कॉफी, तीही ट्रेकवाल्यांना लागते तशी कडक. आणि घड्याळ हिरवं. याचा अर्थ काय? धडधड कॉफीची नव्हतीच, की जायफळाने तिला आवरलं, की दोन दिवस मी वेळेवर जेवले आणि माणसांत बसले त्याचा तो परिणाम? डेटा काहीच सांगत नव्हता. बाबांचा प्रयोग पार फसला होता आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

तेवढ्यात बाबा हाशहुश करत आत आले. तंबू अर्धा पिशवीत, अर्धा खांद्यावर. "आई, दोन्ही दिवसांचा रिपोर्ट क्लीन! डिकॅफने कमाल केली. विषय संपला. तू भोरला राहा."

ती माझ्याकडे बघत होती. वर्गात खरं बोला म्हणून मी कितीजणांना बाकावर उभं केलं असेल. "काल मी साधीच कॉफी प्याले," एवढं एक वाक्य, आणि दुसरा मजला, पूर्वेकडची खोली पुन्हा टेबलावर आली असती. मी कप उचलला आणि ती पुठ्ठ्याची कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्याले. "हो," म्हटलं, "कमाल आहे."

मी उपास करत नाही, हे अख्ख्या भोरला ठाऊक आहे. पालीपर्यंत ती बातमी पोचली नव्हती, एवढ्यावर हा सगळा घोटाळा झाला.

परतीच्या वाटेवर तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. काढून कुठं ठेवत्यात? तुमच्या बाबांचं माझ्यावर प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यांना आईही त्या पुडीसारखीच हवी होती. चव राहावी, त्रास तेवढा काढून टाकलेला असावा, आणि दूरच्या प्रवासात सांभाळायला सुटसुटीत. काढलेला त्रास कुठे ठेवायचा, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. तिथे घंटा आहेत.

पुढचं तुम्हाला निम्मं माहीत आहे. बाबांनी ही हकिकत फॅमिली ग्रुपवर टाकली, आणि तुम्ही दोघांनी पुड्यांची खोकी पाठवायला सुरुवात केली. त्यावर लाल हृदयं काढून. ती हृदयं मी कापून वहीत चिकटवली आहेत. पुड्या मात्र मी एसटीच्या कंडक्टरकडून आणि पुढे ओळखीच्या टेम्पोतून पालीला पाठवते. तिला त्यांचा फार उपयोग होतो. संकष्टीला, एकादशीला गडावर येणारे उपासवाले पुणेकर आधी पिठलं-भाकरी नको म्हणून नुसतेच बसून राहायचे. आता त्यांना शेंगदाण्याचे लाडू आणि ही कॉफी मिळते. साधी कॉफीसुद्धा उपासाला चालते, हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. "चालती, पर ही पेशल हाय," ती म्हणाली. चवीबद्दल कुणी तक्रार केली का, असं विचारलं तर म्हणाली, "उपासाला आनि चव कसली बाई?" गेल्या महिन्यात तिने दारावर पाटी रंगवली: 'फॉरेनची उपासाची कॉफी मिळेल'. शेजारी खात्रीसाठी एक पांढरी पुडी खिळ्याने ठोकली आहे, शब्द वरच्या बाजूला येईल अशी.

बाबा ती पाटी वाचणार, थांबणार, विचारणार. आणि ती मान तिरपी करून सगळं सांगणार, कारण तिच्या मते तिने काही चुकीचं केलेलं नाही. मलाही आता तसंच वाटतं.

म्हणून हे पत्र तुम्ही त्यांना आधी मोठ्याने वाचून दाखवा. अडेल तिथे त्यांना विचारा, ते सांगतील. संतापले तर त्यांना एवढं सांगा, की मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला पुन्हा तपासलं आणि सकाळचा एक कप खरी कॉफी घ्यायला परवानगी दिली. तसा कागद आहे आणि तो मी त्यांना दाखवणार आहे. तो पाहूनही त्यांना पुस्तिका पुन्हा उघडायची असेल, तर त्यांनी ती माझ्यासमोर उघडावी. पण या वेळी घड्याळ आणि तंबू नको. मी नको म्हणेन आणि तेच उत्तर धरावं.

तुमच्या चौथ्या खोक्यातली एक पुडी मी आठवण म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवली आहे. उरलेल्या उद्याच्या एसटीने जातील. किसणी खिळ्याला आहे. भोरचं घर उघडं आहे आणि मी त्यात राहते.